फार थोड्या लोकांचं आडनाव

माझ्या आडनावाची माणसं जगात इतकी थोडी आहेत की माझे सासरे त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना ओळखतात. निदान जिवंत असलेल्यांना. मेलेल्यांना तर त्याहून चांगलं ओळखतात. हे आडनाव मला टाकून द्यायचं होतं, आणि तसं त्यांना सांगायचं होतं. एवढीच गोष्ट. पण त्या एका वाक्यापायी माझा अख्खा हिवाळा गेला.

आधी नात्याचा खुलासा करते, नाहीतर गोंधळ व्हायचा. सासरे म्हणजे माझ्या माजी नवऱ्याचे वडील. नवरा इंग्रज, सासरे इंग्रज. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. नवरा ग्लासगोला गेला, तिथे त्याने दुसरं लग्न केलं, सुखात आहे. सासूबाई त्याआधीच गेल्या, त्यांना हे बघावं लागलं नाही. लेक मँचेस्टरला नोकरी करते. म्हणजे इथे रीडिंग शहरात उरलं कोण, तर मी आणि माझ्यापासून दोन रस्ते सोडून राहणारे हे म्हातारे. नवऱ्याशी नातं तोडायला वकील मिळतो, त्याच्या बापाशी कसं तोडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय मी हॉस्पिटलात कानाच्या विभागात काम करते, लोकांना ऐकायची मशिनं बसवून देते, आणि सासऱ्यांच्या दोन्ही कानांत मशिनं. तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जायचं, मशिनच्या नळ्यांतला मळ काढायचा, बॅटऱ्या बदलायच्या, आणलेला वरणभात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून द्यायचा आणि समोर बसून आडनावाचं पुराण ऐकायचं, असा शिरस्ताच पडून गेला.

त्यांना मी 'ग्रँडॅड' म्हणते. इथे सुना सासऱ्यांना सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळली नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांना काहीच म्हणत नव्हते, ते माझ्याकडे बघेपर्यंत थांबून राहायची. लेक झाली आणि सुटले बाई. बोलतो आम्ही इंग्रजीतच, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणत आले आहे, आणि मला सगळं आठवतं तेही मराठीतच.

तर आडनाव. इंग्लंडमध्ये असेही लोक असतात हे मला लग्नानंतर कळलं. एकच आडनाव घ्यायचं, बहुधा आपलं, आणि ते कुठून आलं, कुठे कुठे पसरलं, कुठे संपलं, हे आयुष्यभर शोधत बसायचं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जुन्या जनगणना, थडग्यांवरचे दगड. आपल्याकडे कुलवृत्तांत काढतात त्यातलाच प्रकार, फक्त आपल्याकडे निदान समिती असते, भांडणं असतात, संमेलनाला जिलबी-मठ्ठा असतो. इथे एक म्हातारा, एक खोली आणि एक थर्मास. सासरे रेल्वेत नकाशे काढायच्या खात्यात होते. त्यामुळे त्यांच्या खोलीत भिंतभर ब्रिटनचा नकाशा, आणि या आडनावाचं जिवंत माणूस जिथे असेल तिथे लाल टाचणी. नॉरफोकच्या एका कोपऱ्यात चार-पाच गावांवर टाचण्यांची दाटी, बाकी देश मोकळा. कॉर्नवॉलला एक, वेल्सच्या किनाऱ्यावर दोन, अशा चुकल्यामाकल्या. रीडिंगवर पूर्वी पाच होत्या. सासूबाई गेल्या, त्यांची काढली. नवऱ्याची ग्लासगोला हलली, लेकीची मँचेस्टरला. ग्लासगोच्या नव्या सूनबाईंनी स्वतःचं नाव ठेवलं, टाचणी वाढली नाही. त्याचं त्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढं आमच्या घटस्फोटाचंसुद्धा वाटलं नसेल.

आता हे नाव माझ्या गळ्यात पडलं कसं? माझ्याच हातांनी. कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता. लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, सूर्य उगवतो तितकं ते मला उघड होतं, म्हणून नव्या पासपोर्टच्या फॉर्मवर मी आपल्या रीतीने लिहून टाकलं: आधी माझं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं आडनाव. वकिलातीतला खिडकीमागचा माणूसही आपल्याकडचाच, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे इथलं नागरिकत्व घेतलं ते त्याच नावाने. आता इथे मधलं नाव म्हणजे तुमचं स्वतःचंच दुसरं नाव. म्हणजे या देशाच्या दप्तरी मी एक बाई आहे जिच्या पोटात एक धिप्पाड इंग्रज पुरुष बसलेला आहे. डेंटिस्टच्या रिसेप्शनवर विचारतात, हे मधलं नाव घराण्यात चालत आलंय का? मी सांगते, नाही हो, नवरा होता. 

आणि आडनाव बघून लोक नॉरफोकच्या गोऱ्या बाईची वाट बघत बसतात. क्लिनिकच्या दारात मी उभी राहिले की माझ्या खांद्यामागे बघतात, खरी बाई येतेय का म्हणून. तरुणपणी मला याची गंमत वाटायची. पन्नाशी उलटल्यावर कंटाळा येतो हो. फोनवर एकेक अक्षर सांगा, मग पलीकडून हमखास प्रश्न, किती वेगळं नाव, कुठलं हे? माझंच मला ठाऊक नाही तर तुला काय सांगू, बाळा?

पासपोर्टची मुदत संपत आली होती. नवा काढायचा म्हणजे आणखी दहा वर्षं त्या पोटातल्या माणसाला वागवायचं. एका संध्याकाळी क्लिनिकमधून येऊन बूटसुद्धा न काढता पायरीवर बसले आणि वाटलं, नको. पुरे झालं. मला माझं, बापाचं नाव परत पाहिजे. एक डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा कायदेशीर कागद करायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या, मग पासपोर्ट, बँक, हॉस्पिटल, भारतात जायचं ओसीआय कार्ड, सगळीकडे अर्ज करत हिंडायचं. हिंडू. त्याचं काही नव्हतं.

लेकीला फोन केला. तिचं मराठी मँचेस्टरच्या पाण्याने आणखीच पातळ झालंय. "आई, just do it ना! तुझा नाव आहे, त्यांचा नाही."

"आणि ग्रँडॅड?"

"He'll be fine, आई."

"मग तू सांग त्यांना."

"No way," ती म्हणाली आणि तिला एकदम मीटिंग आठवली.

मला धास्ती होती ती ही. मुलाने त्यांना जवळपास सोडलंच होतं, वर्षाकाठी ख्रिसमसला व्हिडिओ कॉल, तोही पाच मिनिटं, आणि त्यातली तीन 'आवाज येतोय का' विचारण्यात. मग उरले होते मी आणि ते आडनाव. मी नाव टाकलं की त्यांना टाकलं असंच ते धरून चालणार. काय बोलणार ते? काहीच बोलणार नाहीत, इंग्रज माणूस! गप्प राहतील, बरं म्हणतील, आणि पुढच्या रविवारी जेवणार नाहीत. मला त्या न जेवण्याची भीती वाटत होती.

एका रविवारी मनाशी पक्कं करून गेले, तर दार उघडतानाच चेहरा फुललेला. कॅनडातल्या कुठल्याशा शाखेत मुलगा झाला होता. शेरीची बाटली काढलेली. त्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार? पुढच्या खेपेला उलटं. नॉरफोकची एक म्हातारी गेली होती, मूलबाळ नाही. ते नकाशासमोर उभे राहून टाचणी काढत होते. म्हणजे अशा वेळी मी म्हणायचं का, की थांबा हो, जरा माझीही काढा?

असे रविवार जात राहिले. मी डाळ शिजवून नेत होते आणि ते वाक्य परत घरी आणत होते.

त्यातल्याच एका रविवारी माझं डोकं फिरलं. आठवडाभर क्लिनिकमध्ये दोन माणसं रजेवर, सगळ्यांचा भार माझ्यावर, त्यात सर्दी. आणि हे पुन्हा तेच दळण दळत होते. त्यांचा जुना सिद्धांत असा की हे आडनाव कुठल्याशा धंद्यावरून पडलं, कातडी सोलायच्या की गवत कापायच्या अवजारावरून, आणि ते नॉरफोकमधल्या त्याच चार-पाच गावांत जन्मलं असणार, कारण तिथेच तर सगळे आहेत. पण पुरावा काही हाती लागत नव्हता. त्या गावांच्या नोंदी त्यांनी उलट्यापालट्या केल्या होत्या.

"ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात आमच्याकडे," मी म्हटलं.

"का?"

"कारण सापडतं."

ते हसले. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधताय, ग्रँडॅड. जिथे सगळे त्या नावाचे आहेत तिथून ते नाव आलेलं नसतं."

"म्हणजे?"

म्हणजे काय, आता यांना काय काय सांगू? पण सुरुवात केलीच होती. माझं माहेरचं नाव 'कर'वालं. गावाच्या नावापुढे कर. आणि त्या गावात आमच्या आडनावाचं एकही घर नाही. आजोबांचे भाऊ तिथेच राहिले, त्यांना गावात वेगळ्याच नावाने ओळखतात, जमिनीवरून पडलेलं जुनं नाव. आजोबा मास्तरकी करायला बाहेर पडले, परक्या गावी गेले, तिथे लोकांनी विचारलं तुम्ही कुठले, आणि ते झाले अमुककर. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण कशाला देईल? सगळेच तिथले! "तुमच्या पूर्वजाला नॉरफोकात हे नाव पडलं," मी म्हटलं, "याचा अर्थ एवढाच की तो नॉरफोकचा नव्हता. तो दुसरीकडून चालत आला. या नावाची एखादी जागा असेल बघा कुठेतरी, चालत येण्याच्या अंतरावर, आणि तिथे या आडनावाचं काळं कुत्रंसुद्धा नसेल."

 त्यांचा चमचा वरणात तसाच. मला वाटलं, दुखावले. चला, हेही झालं.

त्यांचा फोन आला तो बुधवारी, मी क्लिनिकमध्ये असताना. ते फोन करत नाहीत कधी, ऐकू येत नाही म्हणून चिडतात. मी घाबरूनच उचलला. "लिंकनशर," ते ओरडले. "टेकड्यांमध्ये. जुन्या नकाशावर वाडी आहे. होती. आता नाही. नाव तेच. अगदी तेच, फक्त शेपटीला थोडं जास्त." इतकी वर्षं ते नॉरफोकच्या बाहेर या नावाची जागा शोधायलाच गेले नव्हते. त्यांना धंद्याचं वेड लागलेलं. मग म्हणाले, "आपण जायचं का?"

आपण म्हणजे मी. गाडी कोण चालवणार? त्यांचं लायसन्स डोळ्यांमुळे केव्हाच गेलेलं. रीडिंगहून लिंकनशरच्या टेकड्या म्हणजे आधी एम-फोर हायवे, मग एम-ट्वेंटीफाईव्हचा तो रांगता बाजार, मग ए-वन उत्तरेला, मग एकाच गाडीपुरते रस्ते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण मी एका शुक्रवारी रजा टाकली. मनात हिशेब हाच की एवढा लांबचा प्रवास, दोघंच गाडीत, आता तरी बोलता येईल.

गाडीत काही बोलता आलं नाही. ते पोरासारखे खूश. मांडीवर नकाशा, खिशात भिंग, गळ्यात मफलर. प्रत्येक वळणावर माझ्याकडे वळून म्हणायचे, "तू सांगितलंस म्हणून. नाहीतर मी अवजारं शोधत मेलो असतो." अहो, कसं बोलणार अशा माणसाशी? सर्व्हिस स्टेशनवर त्यांनी मला न विचारता माझ्यासाठी मोठी कॉफी घेतली, आणि अंडं असलेलं सँडविच मला चालत नाही हे लक्षात ठेवून चीजचं घेतलं. माझा जीव आणखी जड झाला.

गाडी एका फाटकापाशी संपली. पुढे पायवाटेची पाटी, चिखल, आणि मेंढ्यांचं कुरण. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही चढायला लागलो. वर पोचलो तर काय, कुरणच. फक्त सपाट नव्हतं, थोडे उंचवटे, मध्ये एक खोलगट पट्टा. ते सांगत होते, हा रस्ता असेल, ही घरांची जोती, ओढा खाली वाहत असणार. मला गवत दिसत होतं आणि मेंढ्यांच्या लेंड्या. एक दगड नाही, एक भिंत नाही, एक पाटी नाही. वारा तर असा की टोपी धरून उभं राहावं लागत होतं.

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "एवढंच?"

मला भडभडून आलं. आयुष्य घालवलं या माणसाने त्या नावात, आणि शेवटी सापडलं काय, तर मेंढ्या. त्यांना धरून खाली न्यावं, गरम चहा द्यावा, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आज नाही बोलले तर मी कधीच बोलणार नाही, पुढची दहा वर्षंही अशीच काढीन, आणि मग मलाही मशिनं लागतील.

"ग्रँडॅड, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"काय?"

"मला सांगायचंय काहीतरी."

"ऐकू येत नाही! वारा!" मशिनात वारा शिरला की नुसता घोंघावतो, हे मी पेशंटना रोज सांगते. महिनेन् महिने घोळवलेलं, गोड केलेलं, चार बाजूंनी पॅक केलेलं ते वाक्य. ते मला त्या टेकडीवर बोंब मारून सांगावं लागलं.

"मी नाव बदलतेय! माझं जुनं नाव परत घेतेय!"

एका मेंढीने मान वर केली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली त्या खोलगट पट्ट्याकडे.

"आणि मधलं?" त्यांनी विचारलं.

"तेही जाणार."

"ते तर केव्हाच जायला हवं होतं," ते म्हणाले, आणि काठी टेकत उतरायला लागले.

गाडीत बसलो. दारं लावल्यावर एकदम शांत झालं. मी थर्मासमधला चहा ओतून दिला, त्यांनी घेतला नाही. बघा, आलं ते न जेवणं, मी मनात म्हटलं. हात पुसून स्टेअरिंगवर ठेवले. तेव्हा ते बोलले.

"तिनेही मागितलं होतं."

"कुणी? काय?"

"तिचं नाव." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "दगडावर. शेवटच्या आठवड्यात. मला म्हणाली, इतकी वर्षं तुझं नाव लावलं, तक्रार नाही. पण दगडावर माझ्या वडिलांचं नावही घाल. खाली मला माझ्या नावाने पडू दे. मी हो म्हटलं."

सासूबाईंचा दगड मी पाहिलेला होता. आम्ही सगळ्यांनी मिळूनच तो उभा केला होता. त्यावर त्यांचं पहिलं नाव आहे, त्यापुढे हे आडनाव, तारखा, आणि खाली सासऱ्यांसाठी सोडलेली कोरी जागा. दुसरं काही नाही.

"मग?"

"दगडवाल्याने विचारलं काय कोरू. मी आमचंच सांगितलं." मग म्हणाले, "आम्ही इतके थोडे आहोत. वाटलं, एक दगड तरी जास्त."

मला असा संताप आला म्हणून सांगू! ही बाई लग्नानंतर मला म्हणाली होती, तू तुझं नाव का बदललंस गं, कुणी सांगितलं तुला? तेव्हा मला वाटलं होतं, हिला मी घरात नकोय. आणि ती मरताना एक गोष्ट मागते, फुकटात होणारी, आणि हा माणूस हो म्हणतो आणि तिला मातीत घालून आपलं घोडं पुढे दामटतो.

"मेलेल्या बाईलासुद्धा सोडलं नाहीत?" मी म्हटलं. ओरडलेच. "तिने विश्वास ठेवला हो तुमच्यावर!"

"हो," ते म्हणाले.

"इतके रविवार मी तुमच्याकडे येतेय, एकदा बोलला नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"आले असते," मी म्हटलं. "भांडले असते आणि आले असते. नावासाठी येते की काय मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारी माणसं रडतात तेव्हा पाणी फार येत नाही, डोळे नुसते लाल होतात. "मला तसंच वाटायचं," ते म्हणाले. "दुसरं काय कारण असणार?"

  काचांवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"तू बदल," ते म्हणाले. "मी आहे तोवर बदल, मला बघू दे. आणि तिचं... तिचं तू करशील का? मुलाला सांगितलं तर म्हणेल आता काय फरक पडतो. तुला जमेल. तुला अशी कामं जमतात."

जमतात ना. मला सगळं जमतं. मळ काढायचा जमतो, बिलं भरायची जमतात, कौन्सिलला फोन जमतात, आणि आता यांच्या बायकोला दिलेला शब्दही मीच पाळायचा. दमले मी.

"नाही," मी म्हटलं. "हे नाही करणार. हे तुम्ही करायचं. आत्ता."

"मला फोनवर ऐकू येत नाही."

"मी धरते."

दगडवाल्याचा नंबर शोधून काढला, स्पीकर चालू केला, आवाज पूर्ण वाढवला. उचलणारा माणूस जुनाच होता, थडग्याचा नंबर सांगितल्यावर त्याला आठवलं. कोरता येईल म्हणाला, कबरस्तानाच्या ऑफिसची परवानगी लागेल, थोडा वेळ लागेल. मग जरा घुटमळून म्हणाला, पण जागा कुठेय, सर? खाली आहे तेवढीच. ती तुमच्यासाठी ठेवलीय.

मी ते वाक्य सासऱ्यांना पुन्हा सांगितलं, त्यांना आलं नव्हतं ऐकू.

"घ्या ती," ते म्हणाले.

"आणि तुमचं नाव कुठे घालायचं, सर, वेळ येईल तेव्हा?"

"नका घालू."

पलीकडे मागे दगड कापायचं मशिन चालू होतं. त्या माणसाने विचारलं, बरं, काय कोरायचं? आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही ते ठाऊक नाही. आपल्याकडे दोन बायका भेटल्या की चहा यायच्या आधी माहेर निघतं, तुम्ही माहेरच्या कोण, कुठल्या. या बाईच्या हातचं मी किती वर्षं खाल्लं, माझं बाळंतपण हिने केलं, आणि ती कुणाची कोण हे त्या घरात कधी बोललंच गेलं नाही. सगळ्या भिंती दुसऱ्याच नावाने भरलेल्या.

सासऱ्यांनी ते नाव सांगितलं. साधं नाव. इंग्लंडात कुठल्याही गल्लीत दोन-चार दारांवर सापडेल असं, ज्याचा शोध घ्यायला कुणी बसत नाही.

"काय म्हणालात?" दगडवाल्याने विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मशिन थांबत नव्हतं. मग ते पुढे वाकले आणि ओरडले, बायकोचं पहिलं नाव आणि तिच्या बापाचं नाव, एका दमात, आणि नंतर पुन्हा एकदा, आवाज फुटेपर्यंत. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरून बसले होते.